रोझा यंग यांच्या आठवणीने : विदर्भातील मंडळ्यांच्या पंच कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातील सर्व प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या पंच कमिट्या, महिला मंडळे आणि मंडळ्यांच्या शाळांचे विश्वस्त यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षिका आहे. नोकरीच्या शेवटच्या अकरा वर्षांत माझ्याकडे शाळेतील मुलांच्या समुपदेशनाचे काम होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मी त्या कामानिमित्त येऊन गेले आहे, काही घरांत आनंदाच्या दिवशी आणि बऱ्याच घरांत दुःखाच्या दिवशी. आज मी आपल्याला एका दूरच्या बाईविषयी लिहीत आहे. तिच्या आठवणीच्या आधाराने मला आपल्याकडे एक मागणी करायची आहे, आणि ती मागणी समजण्यासाठी तिचे आयुष्य आधी समजून घ्यावे लागेल, म्हणून पत्र थोडे लांबेल. कमिटीच्या बैठकीत ते पूर्ण वाचले जावे, अशी विनंती आहे.

रोझा जिन्सी यंग या अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या कृष्णवर्णीय शिक्षिका. १४ मे १८९० रोजी विलकॉक्स परगण्यातील रोझबड या खेड्यात त्यांचा जन्म झाला आणि ३० जून १९७१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्या प्रभूकडे गेल्या. वयाच्या पंचविशीपासून शेवटपर्यंत त्या ल्यूथरन मंडळीच्या सभासद होत्या. अलाबामाच्या ग्रामीण भागात सुमारे ३० शाळा आणि ३५ मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या मुळाशी या एका बाईची पायपीट होती. मी त्यांना यापुढे रोझाबाई म्हणणार आहे, कारण आपल्या शाळांतल्या बाईंना आपण तसेच म्हणतो, आणि त्या आधी बाई होत्या, नंतर बाकी सर्व.

ल्यूथरन हे नाव आपल्याकडे थोडे परके वाटते. यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन, अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन अशी आपली वाटणी आजी-आजोबांच्या काळापासून चालत आली आहे, आणि नगर-मुंबईकडची अमेरिकन मराठी मिशनची परंपरा तर त्याहून जुनी आहे. तरी ल्यूथरन मंडळ्या आपल्यापासून फार लांब नाहीत. सीमा ओलांडून छिंदवाडा-बैतुलकडे गेले की स्वीडिश मिशनऱ्यांनी उभ्या केलेल्या ल्यूथरन मंडळ्या लागतात, आणि पांढुर्णा-सौंसर भागातील मराठी बोलणाऱ्यांना त्या परिचयाच्या आहेत. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२९ मध्ये लिहिलेली छोटी प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न आणि उत्तरांतून विश्वास शिकवणारे पुस्तक, ही या मंडळ्यांची घरातली शिदोरी. लूथरने ती घराघरांत शिकवता यावी अशा सोप्या रीतीने लिहिली, ही गोष्ट पुढे रोझाबाईंच्या कामाच्या संदर्भात लक्षात ठेवावी.

रोझाबाईंचा प्रदेश आपल्या माणसाला ओळखीचा वाटेल असा आहे. अलाबामाच्या मध्यातून जाणाऱ्या त्या भागाला तिथली माणसे 'काळा पट्टा' म्हणतात, आणि ते नाव आधी तिथल्या काळ्या, कसदार जमिनीवरून पडले. जमीन काळी आणि पीक कापसाचे. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती. परंतु जमीन पूर्वीच्याच मालकांकडे राहिली, आणि सुटलेली माणसे त्याच जमिनीवर बटाईने राबू लागली. बियाणे उधार, खत उधार, किराणा उधार, आणि कापूस निघाला की हिशेबाची वही मालकाच्या हातात. १९०१ मध्ये अलाबामाने नवी राज्यघटना केली आणि तिच्यातील अटींनी कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क जवळजवळ पूर्ण काढून घेतला. रोझाबाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या.

त्यांच्या जन्माच्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, पुण्यात जोतीराव फुले वारले. जोतीरावांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली होती. जोतीरावांना ज्या मुक्तीचे कौतुक वाटले ती अलाबामात किती अपुरी राहिली होती आणि ती पुरी करण्यासाठी शाळेवाचून दुसरा मार्ग कसा नव्हता, हे रोझाबाईंच्या आयुष्यातून दिसते. सावित्रीबाईंचे काम ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दहा भावंडांतील रोझाबाई चौथ्या. वडील आफ्रिकन मेथॉडिस्ट मंडळीचे फिरते पाळक होते. सेल्मा येथील पेन विद्यापीठात त्या शिकल्या आणि १९०९ मध्ये वर्गात पहिल्या येऊन बाहेर पडल्या. निरोपाच्या समारंभात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याने भाषण करायचे असते. त्यांच्या भाषणाचा विषय होता लोकांची सेवा. पुढची दोन-तीन वर्षे त्यांनी खेड्यापाड्यांतल्या शाळांत शिकवले. कापसाचा हंगाम सांभाळून वर्षातले थोडेच महिने उघडणाऱ्या त्या शाळा होत्या. मुले अक्षर ओळखू लागेपर्यंत सत्र संपून जाई. म्हणून १९१२ मध्ये त्यांनी स्वतःच्या गावी स्वतःची शाळा काढली. पहिल्या दिवशी सात मुले होती. तीन सत्रांच्या शेवटी ती २१५ झाली.

आणि मग कापसावर कीड आली. ती आपली बोंडअळी नव्हे. तो लांब सोंडेचा, नखाएवढा करडा भुंगा होता. मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला आणि वर्षागणिक पूर्वेकडे सरकत १९१४ च्या सुमारास विलकॉक्स परगण्यात पोहोचला. पात्यांना सोंडेने भोक पाडून तो आत अंडे घालतो, आणि पाते बोंड होण्याआधीच गळून पडते. बटाईदाराचे पीक गेले म्हणजे मुलाची फी गेली, आणि फी गेली म्हणजे शाळा गेली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्या जिल्ह्यात काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने माणसेही गेली. त्या हिवाळ्यात माझ्यासमोर रोज बसणाऱ्या मुलांपैकी एकानेही कापसाचा शब्द काढला नाही. कुणी म्हणे पोट दुखते, कुणी म्हणे गणित सुधरत नाही. बोंडातली अळी मुलाच्या पोटदुखीपर्यंत कशी येते हे मला त्या वर्षी कळले, आणि रोझाबाईंच्या आयुष्याकडे मी वळले ते त्यानंतर. शंभर वर्षांपूर्वी कापसाच्या गावात, कीड आलेल्या वर्षी, एक बाई शाळा टिकवण्यासाठी काय करते, हे मला पाहायचे होते.

त्यांनी पत्रे लिहिली. आधी आपल्या मेथॉडिस्ट मंडळीकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. मग टस्कीगी येथील बुकर टी. वॉशिंग्टन यांना लिहिले. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणातले त्या काळचे ते सर्वांत मोठे नाव. त्यांनी उत्तर दिले की आपण पैसे देऊ शकत नाही; परंतु सेंट लुईस येथे ल्यूथरन सिनोडिकल कॉन्फरन्स या मंडळ्यांच्या संघाचे कृष्णवर्णीयांमध्ये काम करणारे मिशन मंडळ आहे, त्यांना लिहून पाहावे. समुपदेशनाच्या कामात राहिलेल्या माणसाला या उत्तराचे मोल विशेष कळते. आपल्या हाताने होणार नाही ते होणार नाही असे स्पष्ट सांगणे, आणि समोरच्याला रिकाम्या हाताने न पाठवता योग्य दारापर्यंत पोहोचवणे, यात आमच्या कामाचा अर्धा भाग येतो. वॉशिंग्टन १४ नोव्हेंबर १९१५ रोजी वारले. आयुष्याच्या अगदी अखेरीस त्यांनी दिलेला तो एक पत्ता ३५ मंडळ्यांचे बीज ठरला.

२७ ऑक्टोबर १९१५ रोजी रोझाबाईंनी सेंट लुईसला पत्र लिहिले. ते पत्र मी अनेकदा वाचले आहे, आणि कमिटीच्या कामात असलेल्या प्रत्येकाने वाचावे असे ते आहे. त्यात विलाप नाही. त्यात एक यादी आहे. गुरे आडोशाला येत अशा जुन्या खोलीत सात मुलांनिशी शाळा सुरू केली. तेव्हापासून गावातून वर्गणी जमवून पाच एकर जमीन घेतली, चार खोल्यांची शाळा बांधली. ४५ बाके, ५ शेगड्या, एक घंटा, एक शिवणयंत्र, एक पियानो, उपयुक्त पुस्तकांचा संग्रह आणि बायबल वर्गासाठी नव्या कराराच्या १५० प्रती घेतल्या. आपण ही शाळा आपल्या छत्राखाली घेत असाल तर जमीन, इमारत आणि आतील सर्व सामान आपल्याला देऊन टाकू. ते शक्य नसेल तर थोडीशी देणगी द्यावी. कितीही लहान असली तरी आम्ही ती आनंदाने घेऊ.

पंचवीस वर्षांची बाई, हाती काही उरलेले नाही, आणि ती मागण्याआधी देते. आमच्याजवळ काय नाही हे सांगण्याआधी काय आहे ते मोजून सांगते. मी मुलांच्या आयांना पुढे हेच करायला शिकवले. नवरा गेलेली, कर्ज डोक्यावर असलेली बाई समोर बसली की मी तिला म्हणे, आधी तुझ्याकडे काय काय आहे ते सांग. दोन शेळ्या, शिवणाचे मशीन, एक दीर जो अजून बोलतो, नववीतली मुलगी. यादी बोटांवर मोजता मोजता बाईचा आवाज बदलत जातो, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवले आहे. ही रीत मला कोणत्याही प्रशिक्षण वर्गात मिळाली नाही. ती मला रोझाबाईंच्या त्या पत्रात मिळाली.

मिशन मंडळाने निल्स बाके यांना पाठवले. जन्माने नॉर्वेजियन, वयाने साठी ओलांडलेले, दक्षिणेतील कृष्णवर्णीय मंडळ्यांत आयुष्य घालवलेले हे पाळक १९१५ सरता सरता रोझबडला आले, त्यांनी शाळा पाहिली, आणि मंडळाला लिहिले की हे काम घ्यावे. १९१६ च्या झावळ्यांच्या रविवारी रोझबडमध्ये अनेकांचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देऊन मंडळीत येण्याचा विधी, झाले, आणि दृढीकरण घेणाऱ्यांत रोझाबाई पहिल्या होत्या. पाळकाच्या मुलीने वडिलांची मंडळी सोडणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यांच्या लिखाणावरून दिसते की मदतीच्या बदल्यात त्यांनी पंथ बदलला, असा हा व्यवहार नव्हता. कृपा ही कमवायची वस्तू नाही, ती दिली जाते, हे त्या प्रश्नोत्तरीत त्यांना इतके स्वच्छ मांडलेले आढळले की आजवर आपण लोकांना हे का सांगितले नाही असे त्यांना वाटले. जिला दिवसभर काम करून शेवटी कर्जाच्याच वहीत नाव मिळते, अशा समाजातल्या बाईला फुकट मिळणाऱ्या कृपेचा अर्थ किती खोल लागला असेल, याचा विचार आपण करावा.

आता मी त्या भागाकडे येते ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले. रोझाबाईंचे काम शाळा काढण्याचे होते असे सर्वत्र म्हटले जाते, आणि ते खरे आहे. पण शाळा कशी निघे? रोझबडची बातमी आसपासच्या वस्त्यांत गेली. ओक हिल, व्रेडनबर्ग, ब्युएना व्हिस्टा, पॉसम बेंड, मिडवे. कुठे बटाईदारांची वस्ती, कुठे लाकूड कापण्याच्या गिरणीवरच्या मजुरांची. एखाद्या वस्तीतून बोलावणे येई, आणि पाळक जाण्याआधी रोझाबाई जात. पायी, खेचराच्या गाडीने, मिळेल त्या साधनाने. घरोघर बसत. कोणाची मुले किती, कोण आजारी, कोणाचे पीक गेले, कोण कोणाशी बोलत नाही, हे ऐकून घेत. मग रविवारची शाळा भरे, मग माणसे जमत, मग त्या बाके यांना कळवत, आणि मग पाळक येत. मिशनच्या अहवालात मंडळीची तारीख पाळक आल्यापासून मोजली जाते. मंडळी मात्र त्याआधी कुणाच्या तरी ओसरीवर जमलेली असे.

याला समुपदेशन म्हणायचे का, असे कुणी विचारील. रोझाबाईंच्या काळात हा शब्द या अर्थाने कुणी वापरत नव्हते, आणि त्यांच्याकडे आमच्यासारखे प्रमाणपत्र नव्हते. परंतु त्यांच्याच परंपरेत याला एक भक्कम आधार आहे. लूथरने १५३७ च्या श्माल्काल्ड लेखांत, म्हणजे आपल्या विश्वासाच्या मांडणीत, सुवार्ता आपल्यापर्यंत कोणकोणत्या वाटांनी येते हे सांगितले आहे: उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पापक्षमेची घोषणा, आणि या सर्वांच्या शेवटी, त्याच ओळीत, भावांचे एकमेकांशी बोलणे आणि एकमेकांचे सांत्वन करणे. ही पाचवी वाट लूथरने व्यासपीठावर ठेवलेली नाही. ती चुलीपाशी आहे, खाटेपाशी आहे, शेताच्या धुऱ्यावर आहे. लेखात शब्द भावांचा आहे. अलाबामाच्या खेड्यांत ते काम बहिणींनी केले. पहिल्या चार वाटांच्या नोंदी प्रत्येक मंडळी ठेवते. उपदेशाचा दिवस, बाप्तिस्म्याचे रजिस्टर, प्रभुभोजनाला आलेल्यांची संख्या. पाचव्या वाटेचे रजिस्टर कुठेच नाही, आणि जिथे रजिस्टर नाही तिथे नाव राहत नाही.

रोझाबाईंचे नाव राहिले याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, एवढेच आहे की त्यांनी स्वतः लिहिले. पत्रे लिहिली, आणि पुढे आपले आत्मचरित्रही लिहिले, जे मंडळीच्या प्रकाशन संस्थेने छापले. त्यांनी ते लिहिले नसते तर बाके यांच्या अहवालांत एक 'स्थानिक शिक्षिका' उरली असती.

त्यांच्या मंडळीने त्यांना सर्व काही दिले असेही नाही, आणि जिच्यावर आपले प्रेम आहे तिच्याविषयी लिहिताना हेही लिहिले पाहिजे. कृष्णवर्णीय मंडळ्या बराच काळ वेगळ्या मिशन मंडळाच्या देखरेखीखाली ठेवलेल्या होत्या. निर्णय सेंट लुईसला होत. मतदानाच्या हक्काचेही तसेच. १९६५ च्या आरंभी विलकॉक्स परगण्यात मतदार म्हणून नोंद झालेला एकही कृष्णवर्णीय नव्हता, जरी लोकसंख्येत ते मोठ्या बहुमतात होते. त्या वर्षी ७ मार्चला सेल्माच्या पुलावर या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना बेदम मारहाण झाली, आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. तेव्हा रोझाबाई ७५ वर्षांच्या होत्या. आणि मिसुरी सिनोड या त्यांच्या ल्यूथरन मंडळीने स्त्रियांना मंडळीच्या सभांमध्ये मत देण्याची मुभा दिली ती १९६९ मध्ये, डेन्व्हरच्या अधिवेशनात. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या, आणि दोन वर्षांनी त्या गेल्या. ज्या बाईने ३५ मंडळ्यांची ओसरी सारवली, तिच्या आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांपर्यंत मंडळीच्या सभेत हात वर करण्याचा हक्क पुरुषांचा मानला जात होता. आपल्या पंच कमिट्यांत आज किती बहिणी आहेत, आणि ज्या आहेत त्यांना बोलण्याआधी किती वेळा थांबवले जाते, याची मोजदाद आपण स्वतःच करावी.

तरीही त्या थांबल्या नाहीत. १९१९ मध्ये मिडवे येथे अलाबामाच्या मंडळ्यांच्या परिषदेने ठराव केला की आपलेच शिक्षक आणि सेवक तयार करणारी शाळा आपल्याला हवी. त्यातून नोव्हेंबर १९२२ मध्ये सेल्मा येथे भाड्याच्या लहान घरात अलाबामा ल्यूथरन अकॅडमी सुरू झाली. तिचे पुढे कॉन्कॉर्डिया महाविद्यालय झाले. १९४६ ते १९६१ ही पंधरा वर्षे रोझाबाई तिथे शिकवत होत्या, म्हणजे ५६ व्या वर्षी सुरुवात आणि ७१ व्या वर्षी निवृत्ती. खेड्यांतून आलेल्या मुलामुलींसाठी, घरापासून पहिल्यांदा दूर राहणाऱ्यांसाठी, वसतिगृहात अशी एक वृद्ध बाई असणे म्हणजे काय असते, हे मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढलेल्या आपल्यापैकी कुणालाही विचारावे. १९६१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील कॉन्कॉर्डिया सेमिनरीने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. सेल्माचे ते महाविद्यालय २०१८ मध्ये पैशांअभावी बंद पडले. शंभरीला चार वर्षे उणी होती. रोझाबाई मात्र रोझबडमध्येच, आपल्या पहिल्या मंडळीच्या दफनभूमीत विसावल्या आहेत.

इमारती बंद पडतात हे आपल्याला सांगायला नको. आपल्या किती शाळांच्या पटांगणांत आज गवत आहे, किती वसतिगृहांची कौले उतरली आहेत, हे या पत्राच्या प्रत्येक वाचकाला माहीत आहे. त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल. या पत्रात मला फक्त त्या पाचव्या वाटेच्या रजिस्टरविषयी बोलायचे आहे.

आपल्याकडे बायबलबाया होत्या. पांढरे लुगडे, हातात पिशवी, पिशवीत मत्तयकृत शुभवर्तमान आणि कधीकधी डोळ्यांत घालायचे औषध. गावोगाव पायी जाऊन त्या ओसरीवर बसत आणि सासुरवाशिणींचे ऐकून घेत. नगरला मुलींच्या शाळा उभ्या करणाऱ्या सिंथिया फरार यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांच्या मिशनने कागद जपले. जोतीराव ती शाळा पाहून आले आणि सावित्रीबाईंचे शिक्षिका म्हणून प्रशिक्षण तिथे झाले, हे त्यामुळेच आपण सांगू शकतो. पण फरारबाईंबरोबर चालणाऱ्या मराठी बायांची नावे किती जणांना सांगता येतील? माझी आजी बायबलबाई होती. एकतीस वर्षे तिने हे काम केले. तिच्या मंडळीचे जुने वार्षिक अहवाल मी शोधून काढले. त्यांत तिच्या नावापुढे काहीच नाही, कारण तिचे नावच नाही; 'बायबल स्त्रिया : ३' एवढी नोंद आहे, आणि पुढील वर्षी 'बायबल स्त्रिया : २'. त्या वर्षी कोणती एक कमी झाली आणि का, हे कुणीही लिहून ठेवलेले नाही. दफनाच्या रजिस्टरात आजीची ओळख नवऱ्याची विधवा म्हणून आहे. मी कुणाला दोष देत नाही. त्या काळची लिहिण्याची पद्धतच तशी होती, आणि लिहिणाऱ्याला वाटतही नसेल की यात काही राहून गेले.

पण पद्धत आजही तीच आहे. मंडळीत कुणाकडे मृत्यू झाला, कुणाचा मुलगा दारूत बुडाला, कुणाची सून माहेरी गेली, कुणी कापसाचे पैसे बुडाल्यावर दोन दिवस जेवला नाही, की पाळकसाहेबांच्या आधी कोणती बहीण त्या घरी जाऊन बसते हे आपल्याला सर्वांना ठाऊक असते. प्रत्येक मंडळीत अशा दोन-तीन असतात. त्या सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्याकडे चाळीस-पन्नास वर्षांच्या घरांची माहिती आहे, आणि त्यातील जे सांगायचे नसते ते न सांगण्याचे शहाणपणही आहे. त्यांची नावे कमिटीच्या कोणत्याही कागदावर नाहीत. वार्षिक सभेत त्यांचे आभार 'चहापानाची व्यवस्था करणाऱ्या भगिनी' म्हणून मानले जातात.

म्हणून माझी मागणी अशी आहे. प्रत्येक मंडळीने आपल्या दप्तरात, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या रजिस्टरांशेजारी, आणखी एक वही ठेवावी. तीत या बहिणींची नावे, त्यांच्या स्वतःच्या नावाने, लिहावीत. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने नव्हे. त्यांनी केव्हापासून हे काम केले, कोणत्या वस्त्यांत केले, हे त्यांना विचारून लिहावे. लिहिता येत नसेल तर मंडळीच्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावे. घरांची गुपिते लिहायची नाहीत. ती कुणालाच सांगायची नसतात आणि या बहिणी सांगणारही नाहीत. फक्त त्या होत्या आणि त्यांनी हे केले एवढे लिहावे. ज्या गेल्या आहेत त्यांच्याविषयी त्यांच्या लेकी-सुनांना विचारावे. पाच-दहा वर्षांत विचारण्यासारखे कुणी उरणार नाही, हे मी दफनभूमीतल्या माझ्या अलीकडच्या फेऱ्यांवरून सांगते.

शाळांच्या विश्वस्तांना याला जोडूनच एक शब्द. समुपदेशनाचे काम शाळेत कुणाला द्यायचे असेल तर ते पगारी काम म्हणून द्यावे, आणि त्याला एक खोली द्यावी, ज्या खोलीचे दार लावता येते. प्रेमाने केलेले काम म्हणून ते फुकट करून घेण्याची सवय आपल्या संस्थांत खोल मुरली आहे. मी स्वतः पहिली चार वर्षे हे काम प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, बरण्यांच्या फळीखाली केले, आणि एखादी मुलगी रडू लागली की तिला बाहेर कडुनिंबाखाली न्यावे लागे. त्या झाडाखाली बोललेल्या काही मुली आज आपल्याच मंडळ्यांत शिक्षिका आहेत. त्यांच्यावर ती वेळ आपण येऊ देऊ नये.

१४ मे ही रोझाबाईंच्या जन्माची तारीख आहे. तो काळ आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीचा आणि मुलांच्या बायबल शाळेचा असतो, आणि शहरांत गेलेली मुले-सुना गावी आलेली असतात. त्या आठवड्यातल्या रविवारी प्रत्येक मंडळीत त्या वहीचे पहिले पान लिहावे, असे मी सुचवते. माझ्या मंडळीच्या कमिटीला मी माझ्या आजीचे नाव, तिच्या माहेरच्या गावासह, या पत्रासोबत वेगळ्या कागदावर देत आहे. तिने ज्या सात गावांत काम केले त्यांपैकी पाच गावांची नावे माझ्या आईला आठवत होती, ती त्यात आहेत. उरलेल्या दोन गावांविषयी कुणाला ठाऊक असेल तर कृपया कमिटीला कळवावे.

आपली नम्र भगिनी,
एक निवृत्त शिक्षिका व समुपदेशक,
जिल्हा यवतमाळ